डोंगरातली वायनरी आणि खाली येणारा एकच रस्ता: वणव्याचा धोका तोलून परवान्याची फाईल कशी वाचावी

सप्टेंबर उतरणीला लागला की कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात तीन गोष्टी एकदम येतात. द्राक्षांची खुडणी, पर्यटकांची गर्दी आणि ईशान्येकडून सुटणारा कोरडा वारा. पहिल्या दोन गोष्टींची वायनरीवाले वर्षभर वाट पाहतात. तिसरीला इकडे ‘डायब्लो’ म्हणतात, म्हणजे सैतान. २०१७ सालच्या ८ ऑक्टोबरला रात्री पावणेदहाच्या सुमारास कॅलिस्टोगाजवळ आग लागली. डोंगर ओलांडून ती पहाटेच्या आत सांता रोझा शहरात शिरली. ही टब्स आग. त्यात २२ माणसं गेली आणि साडेपाच हजारांहून जास्त इमारती जळाल्या. त्याच रात्री, जवळजवळ त्याच वेळी, खोऱ्याच्या पूर्वेला अ‍ॅटलस आगही पेटली होती.

ज्यांच्या पुढ्यात ग्रामीण वायनरीच्या परवान्याची फाईल पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाच्या, नियोजन खात्यात नुकतीच लागलेली आपली मुलंमुली, अर्जदाराच्या बाजूने कागद तयार करणारे तरुण अभियंते, शेजारी वायनरी येणार अशी नोटीस हातात पडलेले रहिवासी, हे सगळे त्यात आले. नाशिकची द्राक्षं पाहत मोठ्या झालेल्यांना या विषयाची ओढ वाटणं साहजिक आहे. नाशिकची सुला वायनरी सुरू करणारे राजीव सामंत कॅलिफोर्नियात नोकरी करून परतलेले, आणि त्यांच्या जोडीला उभे राहिलेले वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की नापाशेजारच्या सोनोमाचे. पण नापाच्या डोंगरातली वायनरी हे प्रकरण नाशिकच्या सपाटीवरच्या वायनरीपेक्षा फार वेगळं आहे, आणि तो फरक रस्त्यात आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. नवखा माणूस विचारतो, ‘ही इमारत जळेल का?’ तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: ही इमारत डोंगरावर किती माणसं नेऊन ठेवणार आहे, ती खाली कशी येणार, आणि ती खाली येत असताना आधीपासून तिथे राहणाऱ्यांचा रस्ता अडणार का? फाईलमधला प्रत्येक कागद या प्रश्नापुढे धरून वाचा.

पहिली पायरी: अर्ज बाजूला ठेवा, आधी जमीन वाचा

अर्जात सुंदर चित्रं असतात. ती नंतर पाहा. आधी नकाशा घ्या. राज्याच्या अग्निशमन खात्याने, म्हणजे कॅल फायरने, जमिनीचे मध्यम, उच्च आणि अतिउच्च धोक्याचे असे तीन पट्टे आखले आहेत. राज्याच्या जबाबदारीतल्या ग्रामीण भागाचा सुधारित नकाशा १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आपला भूखंड कोणत्या पट्ट्यात येतो ते पाहा, पण तिथेच थांबू नका. भूखंडापासून मुख्य रस्त्यापर्यंतची सगळी वाट कोणत्या पट्ट्यातून जाते तेही पाहा. इमारत मध्यम पट्ट्यात आणि तिच्याकडे जाणारी तीन मैलांची वाट अतिउच्च पट्ट्यात, असं सर्रास असतं. अर्जदाराच्या अहवालात फक्त इमारतीचा पट्टा लिहिलेला असतो.

मग जुन्या आगी. वणवा आपली वाट सहसा विसरत नाही. १९६४ साली हॅन्ली नावाची आग कॅलिस्टोगाकडून सांता रोझाकडे गेली होती. २०१७ ची टब्स आग जवळपास त्याच वाटेने गेली. फरक एवढाच की मधल्या ५३ वर्षांत त्या वाटेवर वस्त्या उभ्या राहिल्या होत्या. म्हणून भूखंडाभोवतीच्या सगळ्या जुन्या आगींच्या सीमा एका नकाशावर एकमेकींवर ठेवून बघा. ‘इथे नुकतंच जळून गेलंय, आता वीस वर्षं चिंता नाही’ हा युक्तिवाद तुम्हाला हमखास ऐकू येईल. जळालेल्या झुडपांच्या जागी पुढच्या पावसाळ्यानंतर गवत येतं, आणि वाळलेलं गवत झुडपापेक्षा लवकर पेटतं.

तिसरी गोष्ट चढाची. आग चढावर जोराने पळते हे आपल्याकडे सह्याद्रीत वणवा पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. वायनरीला मात्र कड्यावरची, खिंडीतली, दूरवरचं दिसणारी जागा हवी असते, कारण पाहुणे त्या देखाव्यासाठीच येतात. देखाव्याची जागा आणि आगीची जागा बहुतेक वेळा एकच असते.

दुसरी पायरी: नेमकं काय मागितलंय ते माणसांत मोजा

नापात १९६८ पासून शेतीराखीव क्षेत्र आहे. १९९० चा वायनरीची व्याख्या ठरवणारा वटहुकूमही आहे. नव्या वायनरीला किमान १० एकरांचा भूखंड लागतो आणि ७५ टक्के द्राक्षं नापा काउंटीतलीच लागतात. हे नियम शेती वाचवण्यासाठी आले. त्यांनी ते काम चांगलं केलं आहे आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्यांच्यामुळे अर्ज गॅलनच्या भाषेत लिहिला जातो: वर्षाला इतके गॅलन वाइन. गॅलन जळून मरत नाहीत. तुम्हाला माणसं हवी आहेत.

वापर परवान्याच्या अर्जातून हे आकडे एका कागदावर काढा: रोजचे जास्तीत जास्त पाहुणे, वर्षातले कार्यक्रम आणि सर्वांत मोठ्या कार्यक्रमाची पाहुणेसंख्या, कायमचे नोकर, हंगामी नोकर, केटरिंगवाले, द्राक्षं आणणारे ट्रक. मग वर्षातला सर्वांत गजबजलेला एक तास निवडा. तो ऑक्टोबरातला शनिवारच असेल. सरासरीवर जाऊ नका. अर्जात ‘दिवसाला सरासरी ४० पाहुणे’ असं लिहिलेलं असतं, पण आग सरासरी दिवस बघून लागत नाही. ती वाऱ्याच्या दिवशी लागते आणि वाऱ्याचे दिवस हंगामात येतात.

त्याच रस्त्यावरच्या बाकीच्या वायनरींना आधी काय मंजूर झालंय तेही यात मिळवा. आज तिथे किती पाहुणे येतात हा आकडा पुरेसा नाही. परवान्यानुसार किती येऊ शकतात तो आकडा धरा.

तिसरी पायरी: रस्त्यावर जा, टेप घेऊन

इथे मी तुम्हाला जरा जास्त वेळ थांबवणार आहे.

राज्याचे किमान अग्निसुरक्षा नियम सांगतात की रस्त्याला १० फुटांचे दोन पदर हवेत, म्हणजे गाड्या चालायला २० फूट. चढ १६ टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे शंभर फूट पुढे गेल्यावर सोळा फुटांपेक्षा जास्त वर नको. रस्ता आणि पूल ७५ हजार पौंडांच्या अग्निशमन गाडीचा भार पेलणारे हवेत. इमारतीकडे जाणारी खासगी वाट १५० फुटांपेक्षा लांब असेल तर मध्ये साइड देण्याची जागा हवी. ती ३०० फुटांपेक्षा लांब असेल तर इमारतीजवळ गाडी वळवायलाही जागा हवी. आणि पुढे वाट नसलेल्या, म्हणजे एकाच तोंडाच्या रस्त्याच्या लांबीला मर्यादा आहे. ती भूखंडांच्या आकारावर ठरते: एक एकराच्या आतले भूखंड असतील तर ८०० फूट, आणि २० एकर किंवा त्याहून मोठे असतील तर ५,२८० फूट, म्हणजे बरोबर एक मैल.

आता डोंगरातले जुने रस्ते पाहा. त्यातले कित्येक घोडागाडीच्या काळातले, एकाच तोंडाचे आणि एका मैलापेक्षा कितीतरी लांब. तिथे अर्जदार सवलत मागतो. नियमाची अक्षरशः पूर्तता होत नसली तरी ‘व्यवहारात तोच परिणाम’ साधणारी दुसरी व्यवस्था करू, असं तो म्हणतो. सवलत मागणं गैर नाही. काही वेळा एखादा जुना ओक किंवा ओढा वाचवायला ती द्यावीही लागते. पण तोच परिणाम म्हणजे कोणता परिणाम? अग्निशमनाची गाडी वर जात असताना त्याच वेळी रहिवाशांच्या गाड्या खाली येऊ शकल्या पाहिजेत. नियमाचा हेतू हा आहे. इमारतीत फवारे बसवले म्हणून रस्ता रुंद होत नाही. सवलतीच्या कागदावर हे दोन वाक्यांत लिहून पाहा. लिहिता आलं नाही तर सवलतीचा पाया कच्चा आहे.

आपल्या घाटात गाडी चालवलेल्या माणसाला हे चटकन कळतं. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. वणव्यात हे उलटंपालटं होतं. चढणारा बंब थांबला तर आग वाढते, आणि उतरणारं कुटुंब थांबलं तर ते आगीत सापडतं. दोघांपैकी कुणालाच थांबायला सांगता येत नाही. वीस फुटांचा आग्रह त्यासाठी आहे.

म्हणून टेप घेऊन जा. मी एका फाईलसाठी गेले होते. नकाशावर रस्ता सलग वीस फुटांचा दाखवला होता. तिसऱ्या वळणावर एक जुनी दगडी मोरी होती आणि तिच्यावर डांबर सतरा फुटांचं निघालं. दोन्ही बाजूंना कठडा नव्हता, खाली कोरडा ओढा. त्याच्या थोडं पुढे ओकची एक आडवी फांदी इतकी खाली आली होती की बंबाची शिडी तिला घासली असती. मोरीच्या दोन्ही टोकांना मी टेप लावून फोटो काढले. पुढचे चार महिने सगळी चर्चा त्या दोन फोटोंभोवती फिरली, आणि शेवटी मोरी रुंद करण्याची अट परवान्यात आली. तिच्या आधी त्या फाईलमध्ये सत्तर पानांचा वाहतूक अहवाल होता. त्यात मोरीचा उल्लेख नव्हता, कारण तो अहवाल चौकातल्या सिग्नलवर किती सेकंद थांबावं लागतं हे मोजत होता.

मग हिशेब करा. मोठं सॉफ्टवेअर नंतर येऊ द्या, आधी पाटीवरचा हिशेब. समजा रस्त्यावर १५० घरं आहेत आणि प्रत्येकी दोन गाड्या, म्हणजे ३०० गाड्या. धुरात, रात्री, वळणावर दर सहा सेकंदांना एक गाडी जाते असं धरा, म्हणजे मिनिटाला दहा. सगळे एकदम निघाले आणि कुठेही अडलं नाही तरी अर्धा तास लागतो. आता वायनरीत १२० पाहुण्यांचा कार्यक्रम आहे. गाडीत अडीच माणसं धरली तर ४८ गाड्या. नोकर आणि केटरिंगच्या २२ धरा. झाल्या ७०, म्हणजे आणखी सात मिनिटं.

‘फक्त सात मिनिटं?’ असं अर्जदाराचा वकील म्हणेल. तेव्हा विचारा, ती सात मिनिटं कुणाची? वायनरी रस्त्याच्या खालच्या टोकाला असेल तर तिच्या सत्तर गाड्या वरच्या घरांच्या पुढे रांगेत शिरतात. म्हणजे ती सात मिनिटं सर्वांत वर राहणाऱ्या, बहुधा वयस्कर, शेजाऱ्यांच्या वाट्याची जातात. वायनरी वरच्या टोकाला असेल तर रस्त्याची सवय नसलेले, वाइन घेतलेले, अंधारात पहिल्यांदाच उतरणारे पाहुणे रांगेत शेवटी असतात. दोन्हींत कुणीतरी किंमत मोजतंच. ते कोण, हे अहवालात नावानिशी नाही तरी जागेनिशी यायला हवं. १५०, दोन, सहा सेकंद हे माझे मानलेले आकडे आहेत. तुमच्या रस्त्याचे तुम्ही मोजा.

हे कल्पनेतलं नाही. २०१७ च्या अ‍ॅटलस आगीत डोंगरावर अडकलेल्या ४२ माणसांना कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलच्या हेलिकॉप्टरांनी रात्रीच्या धुरात उचलून आणलं. सिल्व्हेराडो ट्रेलपासून डोंगरात चढणारा आणि वरच संपणारा सोडा कॅन्यन रोड हा त्या परिसरातला रस्ता.

चौथी पायरी: कायदा काय विचारतो

कॅलिफोर्नियाचा पर्यावरण गुणवत्ता कायदा १९७० चा. इथे सगळे त्याला सीक्वा म्हणतात. त्याच्या तपासणी यादीत २०१८ च्या अखेरीस वणव्याचं वेगळं प्रकरण आलं आणि त्यात चार प्रश्न आहेत. प्रकल्पामुळे आपत्कालीन किंवा स्थलांतराच्या योजनेत मोठा अडथळा येईल का? चढ, वारा वगैरे कारणांनी प्रकल्प वणव्याचा धोका वाढवून तिथल्या माणसांना धूर आणि आगीच्या तोंडी देईल का? प्रकल्पासाठी लागणारे रस्ते, जाळरेषा (आग अडवायला साफ केलेले पट्टे), पाण्याच्या टाक्या, वीजवाहिन्या यांनीच धोका वाढेल का? आणि आग होऊन गेल्यावर उघड्या पडलेल्या उतारावरून पूर किंवा दरड खालच्यांवर येईल का? चौथा प्रश्न बहुतेक अहवालांत एका ओळीत उरकलेला असतो. उताराखाली घरं असतील तर तुम्ही तो उरकू देऊ नका.

नवख्यांचा गोंधळ दुसऱ्या प्रश्नावर होतो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलं की सीक्वात प्रकल्पाचा परिसरावर होणारा परिणाम तपासायचा, परिसराचा प्रकल्पावर होणारा नव्हे. अपवाद असा की प्रकल्प आधीपासूनचा धोका आणखी वाढवत असेल तर तो तपासावाच लागतो. म्हणून ‘इथे आगीचा धोका आहे’ एवढं लिहून भागत नाही. ‘इथे आगीचा धोका आहे आणि हा प्रकल्प तो अमुक प्रकारे वाढवतो’ असं लिहावं लागतं. कसा वाढवतो? जास्त माणसं म्हणजे जास्त ठिणग्या, आणि जास्त गाड्या म्हणजे शेजाऱ्यांचं स्थलांतर मंद.

दोन प्रकरणं माहीत असू द्या. पहिलं सोडा कॅन्यन रोडवरच्याच माउंटन पीक वायनरीचं. वर्षाला एक लाख गॅलनच्या या वायनरीला २०१७ साली, अ‍ॅटलस आगीच्या आधी, काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या मंडळाने, मान्यता दिली. मग तोच डोंगर जळाला. शेजारी न्यायालयात गेले आणि आगीने पुढे आणलेला पुरावा विचारात घ्यायला प्रकरण मंडळाकडे परत आलं. म्हणजे निर्णयानंतरची आगही फाईलमध्ये येऊ शकते. दुसरं शेजारच्या लेक काउंटीतलं ग्वेनॉक खोरं. तिथे सुमारे १६ हजार एकरांवर आलिशान वसाहत आणि हॉटेलं येणार होती. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने ती मान्यता रद्द केली, कारण आसपासच्या रहिवाशांच्या स्थलांतरावर फारसा परिणाम होणार नाही या निष्कर्षाला पुरेसा पुरावा नव्हता. त्या खटल्यात राज्याच्या महान्यायवादींचं, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याचं, कार्यालयही उतरलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच कार्यालयाने अशा प्रकल्पांतला वणव्याचा धोका कसा तपासावा याचं मार्गदर्शन काढलं. ते छोटं आणि सोप्या भाषेत आहे. पहिल्याच आठवड्यात वाचून घ्या.

पाचवी पायरी: पाणी, वीज, इमारत

ही पायरी मी थोडक्यात घेते, कारण फायर मार्शल, म्हणजे अग्निसुरक्षा तपासणारे अधिकारी, ती नीट बघतात. नापा काउंटीचं अग्निशमन कॅल फायरकडेच करारावर आहे, तेव्हा माणसं जाणती असतात. छप्पर न पेटणारं, वायुविजनाच्या जाळ्या ठिणगी आत न येऊ देणाऱ्या, इमारतीभोवती १०० फूट साफ केलेलं क्षेत्र, हे तर हवंच. तुम्ही एकच गोष्ट हटकून विचारा: वीज गेल्यावर पाणी कशावर येणार? डोंगरात नळाचं पाणी नसतं, विहीर आणि टाकी असते. २०१८ पासून सोसाट्याचा वारा सुटला की वीज कंपनी आग टाळायला स्वतःच वीज बंद करते. म्हणजे जेव्हा पंप सर्वांत जास्त हवा असतो नेमकी तेव्हाच वीज नसते. टाकी उतारावर उंच आहे का, की पाणी आपोआप खाली येईल? जनरेटर असेल तर त्याचं इंधन कुठे ठेवलंय?

डोंगर कोरून केलेल्या वाइनच्या गुहा दाखवून ‘आग आली तर पाहुण्यांना इथे ठेवू’ असं सांगणारे अर्ज येतात. शेवटचा उपाय म्हणून गुहा असू दे. बाहेर पडण्याच्या वाटेचा पर्याय म्हणून ती मोजू नका. महान्यायवादींचं मार्गदर्शनही हेच सांगतं.

सहावी पायरी: ‘द्राक्षबाग म्हणजे जाळरेषा’ हा युक्तिवाद

हा तुम्ही प्रत्येक सुनावणीत ऐकाल आणि त्यात तथ्य आहे. ठिबकावर वाढलेली हिरवी वेल सहसा पेटत नाही. ओळींमधली जमीन स्वच्छ ठेवली तर बागेच्या कडेला आग मंदावते. २०१७ आणि २०२० च्या आगींत बागांनी कित्येक ठिकाणी अग्निशमन दलाला पाय रोवायला जागा दिली. शेतकऱ्याला याचं श्रेय मोकळ्या मनाने द्या.

पण दोन गोष्टी वेगळ्या करा. बाग वेगळी आणि टेस्टिंगची, म्हणजे पाहुण्यांनी वाइन चाखायची, खोली वेगळी. बागेला पाहुणे लागत नाहीत. आणि बाग उडत्या ठिणगीला अडवत नाही. टब्स आगीने सांता रोझात १०१ क्रमांकाचा सहा पदरी महामार्ग ओलांडला होता. एवढं रुंद डांबर ओलांडणाऱ्या ठिणगीला वेलींच्या दहा ओळी काय करणार? २०२० च्या २७ सप्टेंबरला पहाटे पेटलेल्या ग्लास आगीत सुमारे दीड हजार इमारती गेल्या. त्यांत द्राक्षबागांनी वेढलेल्या वायनरीही होत्या.

ठिणगी आतून कुठून उठेल तेही याच वेळी पाहा. वाळल्या गवतात फिरणाऱ्या यंत्राचं पातं दगडावर आपटणं, वेल्डिंग, गवतावर लावलेली गरम गाडी, फांद्यांना घासणारी वीजवाहिनी. पाहुण्यांच्या जादा गाड्या गवताळ माळावर लावायचा बेत असेल तर तो आराखड्यातूनच काढायला लावा.

सातवी पायरी: अटी अशा लिहा की रात्री आठ वाजताही कळतील

परवाना द्यायचा तर अटींसह. आणि अट म्हणजे शब्द. ‘अर्जदार आगीच्या धोक्याच्या दिवशी योग्य ती खबरदारी घेईल.’ हे वाक्य मी कित्येक परवान्यांत वाचलंय. योग्य म्हणजे काय, कोण ठरवणार, कधी?

एका सुनावणीत अर्जदाराने मनापासून सांगितलं की धोक्याचा इशारा आला की आम्ही कार्यक्रम रद्द करू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या ओळीतली एक वयस्कर शेजारीण उठली आणि म्हणाली, ‘इशारा दुपारी चारला आला आणि लग्न पाचला असेल तर?’ अर्जदाराकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडेही नव्हतं. त्या रात्री बसून आम्ही अट पुन्हा लिहिली.

ती साधारण अशी झाली. राष्ट्रीय हवामान सेवेने या भागासाठी ‘रेड फ्लॅग’, म्हणजे आग भडकेल अशा कोरड्या वाऱ्याचा, इशारा जाहीर केला की तो संपेपर्यंत कोणताही कार्यक्रम आणि टेस्टिंग नाही. इशारा लागू झाला तेव्हा पाहुणे आवारात असतील तर एका तासाच्या आत त्यांना परत पाठवायचं. हे पाहणारा माणूस नेमलेला असावा आणि त्याचा फोन क्रमांक काउंटीकडे आणि रस्त्यावरच्या रहिवाशांकडे असावा. रद्द झालेला कार्यक्रम त्याच वर्षी दुसऱ्या दिवशी घेता येईल. हे शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसेल तर अर्जदारावर कार्यक्रम रेटण्याचा दबाव येतो, आणि अट कागदावर राहते.

आणखी एक अट मला फार महत्त्वाची वाटते आणि तीच फाईलींत सर्वांत कमी दिसते. नापात द्राक्षं पुष्कळदा रात्री खुडतात, गारव्यात. डोक्याला दिवे बांधून मजूर वेलींच्या ओळींत असतात. यातल्या बहुतेकांची भाषा स्पॅनिश. टब्स आणि अ‍ॅटलस रात्री पेटल्या, ग्लास पहाटे. मालक घरी झोपलेला, पाहुणे हॉटेलात, आणि डोंगरावर जागे असतात ते हेच लोक, एका व्हॅनमधून आठ-दहा जण आलेले. त्यांना इशारा कोणत्या भाषेत जाणार? त्यांची व्हॅन रात्रभर तिथे थांबते की सोडून निघून जाते? व्हॅन खुडणी संपेपर्यंत आवारात, तोंड बाहेरच्या बाजूला करून उभी राहील, एवढं एक वाक्य अटींत घाला. त्याला काहीच खर्च नाही.

आठवी पायरी: हो, नाही, आणि मधला रस्ता

नवखे लोक हो किंवा नाही यातच अडकतात. मधे पुष्कळ जागा आहे. वाइन डोंगरावर बनू द्या आणि टेस्टिंगची खोली खाली खोऱ्यात, हायवे २९ किंवा सिल्व्हेराडो ट्रेलजवळ ठेवा. उत्पादन मागितलं तेवढं द्या आणि पाहुणे निम्मे करा. सप्टेंबर ते नोव्हेंबर कार्यक्रमच नको, बाकीच्या महिन्यांत चालतील. पाहुण्यांनी स्वतःच्या गाड्या खाली ठेवून छोट्या बसने वर यायचं, म्हणजे पन्नास गाड्यांच्या जागी चार बस. यातला शेवटचा पर्याय ऐकायला गोड आहे, पण आधी विचारा की बस पाहुण्यांना सोडून निघून जाते की चालकासह तिथेच थांबते.

छोट्या मालकांची बाजू मला खरोखर कळते. थेट येणाऱ्या पाहुण्याला बाटली विकली तरच त्यांचं गणित जमतं. २०२० च्या धुराने कित्येकांची त्या वर्षीची रेड वाइनच झाली नाही. पाहुणे बंद करा म्हणणं म्हणजे काहींना बाग विका म्हणणं आहे. म्हणूनच आधी जागा बदलण्याचा आणि आकडा कमी करण्याचा प्रयत्न करा.

तरीही काही रस्ते असे असतात की तिथे नाहीच म्हणावं लागतं. एकच तोंड, रुंद करता न येणारी वाट, वर आधीच भरपूर घरं, आणि वारा-चढ दोन्ही विरोधात. तिथे नकाराचे निष्कर्ष नीट लिहा: मोजलेली रुंदी, मोजलेल्या गाड्या, जुन्या आगींच्या सीमा, फायर मार्शलचं पत्र. ‘शेजाऱ्यांचा विरोध आहे’ हे कारण म्हणून लिहू नका. शेजाऱ्यांनी सांगितलेली वस्तुस्थिती लिहा. १९६४ साली आग कुठून आली हे पाहिलेली माणसं अजून त्या रस्त्यांवर राहतात. त्यांचं म्हणणं तारीख-वार घालून नोंदवून घ्या.

परवाना दिला असेल तर फाईल कपाटात ठेवण्याआधी एक काम उरतं. पुढच्या हंगामातला पहिला ‘रेड फ्लॅग’ इशारा लागला की त्या दिवशी संध्याकाळी अटीतल्या फोन क्रमांकावर फोन करा. कोण उचलतं, आवारात किती पाहुणे आहेत म्हणून सांगतं, आणि व्हॅनचं तोंड कुठल्या बाजूला आहे, ते विचारा आणि फाईलमध्ये लिहून ठेवा.